जोपर्यंत ‘नॉट’ जात नाही तोपर्यंत

सोसायटीच्या नोटिसा यापुढे इंग्रजीत लावायच्या असा ठराव झाला आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. कारण एवढंच की माझं अक्षर चांगलं आहे. पहिलीच नोटीस पाण्याची: ‘अनटिल द टँक इज नॉट क्लीन्ड, वॉटर विल नॉट कम.’ टाकी धुतली जात नाही तोपर्यंत पाणी येणार नाही. वाक्य कसं स्वच्छ! टाकीपेक्षा तर नक्कीच.

माझी भाची इंग्रजी शिकवते. तिनं बोर्डासमोरच कपाळाला हात लावला. “मामा, याचा अर्थ टाकी अस्वच्छ होईपर्यंत पाणी बंद, आणि घाण झाली की सुरू!”

“गेली कित्येक वर्षं तसंच चाललंय की,” मी म्हटलं.

तिचं म्हणणं असं, की ‘अनटिल’ला फक्त शेवटाशी मतलब. टाकी धुऊन झाली तो क्षण दाखवायचा आणि गप्प बसायचं. तिथे नकार घातला की तो त्या क्षणालाच चिकटतो. माझं म्हणणं, यात वाट बघणाऱ्याचा विचारच नाही. आपला माणूस सकाळी रिकामी बादली घेऊन नळाशी उभा असतो तेव्हा टाकी दर मिनिटाला ‘धुतलेली नसते’. तो सगळा ताटकळण्याचा वेळ आपण त्या ‘नाही’त भरतो. ‘जोपर्यंत’ म्हणजे खरं तर ‘ॲज लाँग ॲज’, आणि त्याच्यापुढे ‘नॉट’ बिनतक्रार चालतं. हे तिनंही कबूल केलं. तशी नोटीस लिहून पाहिली, तर कमिटीनं टाकी न धुण्याची शपथ घेतल्यासारखं वाटायला लागलं.

मग तिनं युक्ती सांगितली. आधी मराठीच बदलायचं. ‘धुतली जात नाही तोपर्यंत’ऐवजी ‘धुऊन होईपर्यंत’ म्हणायचं आणि मग इंग्रजी करायचं; ‘नाही’ आपोआप गळतं. युक्ती चालते, खोटं कशाला बोलू? पण तिच्यात धाक नाही. ‘मेंटेनन्स भरेपर्यंत पार्किंग मिळणार नाही’ याला कोण भितो? ‘जोपर्यंत भरत नाही तोपर्यंत’ म्हटलं की कसं, नाकासमोर बोट नाचवल्याचं समाधान मिळतं.

म्हणून थकबाकीच्या नोटिशीला मी ‘अनलेस’ घेतला. ‘अनलेस यू डू नॉट पे मेंटेनन्स, ॲक्शन विल बी टेकन.’ भाची म्हणाली, ‘अनलेस’च्या पोटात ‘नॉट’ आधीच असतं, आता जे पैसे भरतील त्यांच्यावर कारवाई होणार. थकबाकीदारांत इंग्रजी उत्तम असलेलेही काही निघाले. त्यांनी नोटिशीचा फोटो काढून ठेवलाय.

एरवी मी माघार घेतली असती. पण बोलता बोलता तिच्याच तोंडून निघून गेलं, की स्पॅनिश लोक नकारार्थी वाक्यात ‘अस्ता के’पुढे, म्हणजे त्यांच्या ‘अनटिल’पुढे, असाच एक जादा ‘नो’ बऱ्याचदा घालतात, ‘तो येईपर्यंत’ म्हणताना रशियन माणसाच्या ‘पका’ला ‘न्ये’ची सोबत लागते, आणि फ्रेंच मंडळी ‘जाण्याआधी’ म्हणतानाही एक छोटंसं ‘न’ ठेवतात, ज्यानं नकार होतच नाही, नुसती शोभा! हिंदीतलं ‘जब तक नहीं’ तर शेजारीच आहे. एवढी माणसं आपल्या बाजूची आणि मी इतकी वर्षं एकटाच खाली मान घालून ऐकून घेत होतो.

चिडून तिनं मराठीवरच हल्ला चढवला. “मामा, ‘घरात पाऊल टाकलं नाही तोच फोन वाजला’ असं तुम्ही म्हणता. पाऊल टाकलं होतंत ना? मग ‘नाही’ कशाला?”

“हेच इंग्रजीत सांग बघू.”

“नो सूनर हॅड आय...” इथवर आली आणि थांबली.

“बोल, बोल. त्या ‘नो’चं काय करायचं?”

“तो वाक्प्रचार आहे मामा, तसाच पाठ करायचा असतो,” असं म्हणत तिनं घाईघाईनं चपला घातल्या.