अ‍ॅक्रोपोलिसवर भांडायचं कसं

लग्नाला पंचवीस वर्षं झाली असोत की पंचवीस दिवस, जोडीने अथेन्सला निघाला असाल तर अ‍ॅक्रोपोलिससाठी एक अख्खा दिवस राखून ठेवा. भांडायला इतकी सोयीची जागा युरोपात शोधून सापडायची नाही. टेकडी आहे, माथ्यावर सावली नाही, पायाखालचा दगड घसरतो, आणि दोघांनाही अर्धवट ठाऊक असलेल्या गोष्टी पावलोपावली उभ्या आहेत.

तयारी घरूनच करावी लागते. तिकिटाचा विषय निघाला की दोघांपैकी एकाने ‘तिथं गेल्यावर बघू’ म्हणायचं. सप्टेंबर २०२३ पासून इथे ठरलेल्या वेळेचं तिकीट लागतं आणि दिवसाला २०,००० लोकांचीच मर्यादा आहे, हे दुसऱ्याने वाचलेलं असेल तर त्याने गप्प राहायचं. हे ज्ञान संध्याकाळी उपयोगी पडतं. एप्रिल २०२५ पासून माणशी ३० युरो पडतात. आसपासचे बाकीचे अवशेषही दाखवणारं जोडतिकीट तेव्हाच बंद झालं. तुम्ही मात्र चुलतभावाने २०१८च्या सहलीनंतर सांगितलेला आकडा धरूनच खर्चाचा हिशोब मांडा.

आगाऊ काढायचंच असेल तर जुलै महिना आणि दुपारी बाराची वेळ निवडा. सकाळी आठला दार उघडतं तेव्हा ऊन कोवळं असतं, पिरेयस बंदरात उतरलेल्या क्रूझवाल्यांच्या बस अजून पोचायच्या असतात आणि खांब मोजताना मध्ये कोणाची टोपी येत नाही. पण त्यासाठी हॉटेलचा फुकटचा नाश्ता अर्धवट सोडावा लागेल. तो सोडू नका. नाश्ता करून, पुन्हा एकदा कॉफी घेऊन, साडेबाराला पोचा. दिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधीपासून पंधरा मिनिटं नंतरपर्यंतच आत घेतात. दारावरच्या माणसाशी हुज्जत घालून पाहा. तो रोज तुमच्यासारखे शेकडो पाहतो, त्यामुळे तो चिडणार नाही. चिडायची जबाबदारी तुम्हा दोघांवरच येईल. उष्णतेची लाट असेल तर आणखी मजा. जुलै २०२३ मध्ये भर दुपारी बारा ते पाच अ‍ॅक्रोपोलिस बंदच ठेवावं लागलं होतं, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यांतही तशी वेळ आली. त्या दिवसाचं तिकीट हातात असणं हा योग सगळ्यांच्या नशिबी नसतो.

चपला कोल्हापुरीच घाला. फोटोत छान दिसतात. चामड्याचा गुळगुळीत तळ आणि शतकानुशतकं लाखो पायांनी घासलेला संगमरवर एकमेकांना अजिबात धरत नाहीत, हे प्रोपिलियाच्या, म्हणजे वरच्या महाद्वाराच्या, पायऱ्यांवर आपोआप कळतं. उंच टाचांच्या बुटांना इथे २००९ पासून मनाई आहे, कारण त्या टोकदार टाचेवर सगळं वजन एकवटतं आणि दगड दुखावतो. रबरी तळाचे बूट चालतात. म्हणूनच ते हॉटेलच्या खोलीत राहू द्या. मोठी पाठपिशवी घ्या, म्हणजे ती खाली जमा करण्यासाठी वेगळी रांग लागेल आणि पाण्याची बाटली नेमकी तिच्यातच राहील.

शिरायला दोन वाटा आहेत. एक पश्चिमेची मुख्य वाट, जिथे सगळे गट छत्र्या आणि झेंडे घेऊन उभे असतात. दुसरी आग्नेयेला, अक्रोपोली मेट्रो स्थानकापासून दोन-चार मिनिटांवर. तिथे रांग सहसा लहान असते आणि चढताना वाटेत डायोनिससचं नाट्यगृह लागतं. एस्किलस, सोफोक्लीस, युरिपिडीस यांची नाटकं जिथे पहिल्यांदा झाली ती ही जागा. मराठी माणूस नाटकवेडा म्हणतात, तेव्हा इथे पाच मिनिटं बसावंसं वाटण्याची भीती आहे. त्यापेक्षा पश्चिमेच्या रांगेत उभं राहून ‘मी म्हणत होते ना, त्या बाजूने जाऊ या’ हे वाक्य दर तीन मिनिटांनी म्हणा. म्हणत होता की नव्हता, हा प्रश्न गौण आहे.

वर पोचलात, समोर पार्थेनॉन, इथलं मुख्य देऊळ. आता ज्याला जास्त कळतं त्याने बोलायला सुरुवात करावी. सुवर्ण गुणोत्तरापासून, म्हणजे सगळ्यात सुंदर मानल्या गेलेल्या १.६१८च्या प्रमाणापासून, आरंभ करा. बांधणाऱ्यांनी ते वापरल्याचा एकही जुना लेखी पुरावा नाही, त्यामुळे कितीही वेळ बोलता येतं. खरी गंमत डोळ्यांसमोर असते, तिच्याकडे बोट दाखवू नका. या देवळाचं जोतं सपाट नाही. ते मधे उचललेलं आहे, आखूड बाजूंना सुमारे सहा सेंटीमीटर आणि लांब बाजूंना सुमारे अकरा. जोत्याच्या पायरीच्या एका टोकाशी वाकून, डोळा पायरीच्या पातळीत आणून पाहिलं तर दुसऱ्या टोकाला उभ्या माणसाचे पाय दिसेनासे होतात. खांबांना मधे किंचित पोट आहे, सगळे जरासे आत झुकलेत, आणि कोपऱ्यातले इतरांपेक्षा जाड आहेत, कारण मागे नुसतं आकाश असलं की खांब बारीक भासतो. हे सगळं इक्टिनोस आणि कॅलिक्रेटीस या वास्तुविशारदांनी इ. स. पू. ४४७ पासून पंधराएक वर्षांत उभं केलं. पुण्यातला एखादा उड्डाणपूल आठवून इथे दोघंही हसाल, म्हणून ही माहिती टाळलेली बरी.

बाहेरचे खांब पुढे आठ, बाजूला सतरा. कोपऱ्यातले दोनदा मोजले जातात म्हणून तुमचं उत्तर पन्नास येईल आणि जोडीदाराचं शेहेचाळीस. पन्नासवर ठाम राहा.

परांची दिसली की ‘अजून कामच चाललंय का यांचं’ असं म्हणायला विसरू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालानोस नावाच्या अभियंत्याने डागडुजी करताना दगड जोडायला साध्या लोखंडी पट्ट्या घातल्या. त्या गंजल्या, गंजून फुगल्या, आणि आतूनच संगमरवर फोडत गेल्या. प्राचीन कारागीरही लोखंडच वापरत, पण त्यावर शिसं ओतत, म्हणून पाणी आत शिरत नसे. १९७५ पासून एक समिती त्या पट्ट्या काढून टायटॅनियम बसवते आहे. मधले पांढरेशुभ्र तुकडे प्लास्टरचे नाहीत. त्याच पेंटेली डोंगराचा ताजा दगड आहे. त्यात थोडं लोह असतं, जुना दगड त्यानेच मधाळ झाला आहे. पण ‘सगळं डुप्लिकेट आहे’ हे मत एकदा मांडलं की माघार घ्यायची नसते.

छप्पर कुठे गेलं, असं बायकोने विचारलं तर ‘काळाच्या ओघात’ म्हणून सुस्कारा सोडा. काळाने दोन हजार वर्षं बऱ्यापैकी सांभाळलं होतं. मधे चर्च झालं, मशीद झाली, इमारत उभीच होती. २६ सप्टेंबर १६८७ला व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा आत येऊन पडला, आणि तिथे तुर्कांनी दारूगोळा साठवला होता. दोष काळालाच द्या. तो उलट उत्तर देत नाही.

शेजारच्या इरेक्थियन देवळाच्या सज्जाला खांबांऐवजी सहा स्त्रिया आहेत. ‘या तरी खऱ्या आहेत’ असं म्हणा. त्या प्रतिकृती आहेत. पाच मूळ मूर्ती खालच्या संग्रहालयात आणि एक लंडनला. इथे मात्र सावध. लंडन निघालं की ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिन निघतो, १८०१ पासून त्याच्या माणसांनी उतरवलेली शिल्पं निघतात, १८१६ मध्ये ती ब्रिटिश म्युझियमला मिळाली हे निघतं, मग कोहिनूर, मग जगदंबा तलवार, आणि बघता बघता तुम्ही दोघं एकाच बाजूला. सकाळपासूनची मेहनत वाया.

तेव्हा लगेच फोटो काढायला घ्या. एकाने खांबाला टेकून उभं राहायचं. संगमरवराला हात लागला की रखवालदार शिट्टी वाजवतो, सगळं आवार वळून पाहतं, आणि ‘तूच म्हणालास टेक म्हणून’ हा मुद्दा तयार होतो.

संग्रहालय उन्हाच्या वेळेला ठेवू नका. पायथ्याशीच आहे, गार आहे, तिकीट वेगळं. २००९ मध्ये उघडलेल्या या इमारतीचा वरचा मजला मुद्दाम पार्थेनॉनच्या दिशेत वळवला आहे. काचेतून खरं देऊळ दिसतं आणि आत शिल्पपट्टी त्याच क्रमाने लावलेली आहे, लंडनला गेलेल्या तुकड्यांच्या जागी पांढऱ्या प्रतिकृती. दुपारी बारा ते तीन इथे काढले तर दिवस सुखाचा जाईल, म्हणून ते शेवटी ठेवा आणि वार सोमवार निवडा. सोमवारी ते पाचलाच बंद होतं.

उरलेल्या वेळात ऑलिंपियन झ्यूसचं देऊळ उरकून टाका. इ. स. पू. सहाव्या शतकात सुरू होऊन रोमन सम्राट हेड्रियनने इ. स. दुसऱ्या शतकात पुरं केलं, म्हणजे सहाशेहून अधिक वर्षं काम रखडलं. तिथे जोडीदाराच्या घरच्या नूतनीकरणाचा उल्लेख आवर्जून करा. १०४ खांबांपैकी पंधरा उभे आहेत, एक १८५२च्या वादळात आडवा झाला तो तसाच आहे.

जेवायला प्लाका या पायथ्याच्या जुन्या वस्तीतल्या अशा खाणावळीत शिरा जिच्या दारात माणूस ‘नमस्ते’ म्हणतो. न मागता आलेला पाव फुकट समजून संपवा आणि बिलात तो दिसला की एकमेकांकडे पाहा.

आणि दुसऱ्या दिवशी डेल्फी. अंतर १८० किलोमीटरच्या आसपास, बसने एका बाजूचे अडीच-तीन तास. अथेन्समध्ये लांबच्या बसचे दोन मोठे तळ आहेत, किफिसू आणि लिओसिओन, आणि दोन्हीकडच्या गाड्यांवर केटेल, म्हणजे बससेवेचं नाव, असंच लिहिलेलं असतं. डेल्फीची गाडी लिओसिओनहून सुटते. रात्री यावर चर्चा नको. सकाळी एकाने तिकिटं घेऊन लिओसिओनला जावं आणि दुसऱ्याने पाणी, चिवडा आणि दोघांचे पासपोर्ट घेऊन किफिसूला.