सही घेतली, नावं बदलली, म्हणजे झालं?

समाजशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा विषयांत एमए-पीएचडी करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत एकाकडून दुसऱ्याकडे जात असतो. शब्द बदलतात, आशय तोच: "एथिक्स कमिटी (संशोधनात भाग घेणाऱ्यांना इजा होऊ नये हे तपासणारी समिती) डॉक्टरांसाठी असते. आपण कुणाला सुई टोचत नाही, फक्त प्रश्न विचारतो. संमतीपत्रावर सही घ्या, प्रबंधात नावं बदला, विषय संपला. फार नियम पाळत बसलात तर लोक खरं बोलणारच नाहीत. आणि विद्यार्थ्याच्या टिपणवह्या बघायला कोण येतंय?"

हा सल्ला देणारे आळशी नसतात. ते फॉर्म भरून वैतागलेले असतात आणि तो वैताग पुष्कळदा रास्त असतो. औषधांच्या चाचण्यांसाठी केलेला फॉर्म मुलाखतींच्या अभ्यासाला लावला, की निम्म्या रकान्यांत 'लागू नाही' लिहावं लागतं. पण फॉर्म चुकीचा आहे म्हणून जबाबदारी संपत नाही. सल्ल्यातला एकेक दावा बघू.

"आपण सुई टोचत नाही." स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी येल विद्यापीठात 1961 मध्ये सुरू केलेल्या आज्ञापालनाच्या प्रयोगातही कुणाला सुई टोचली नव्हती. पलीकडच्या माणसाचं उत्तर चुकलं की बटण दाबून त्याला विजेचा झटका द्या, असं सहभागींना सांगितलं जाई; ते झटके खोटे होते. खरे होते ते फक्त शब्द: 'पुढे चालू ठेवा.' 1963 च्या निबंधातल्या 40 पुरुषांपैकी 26 जण शेवटच्या 450 व्होल्टच्या बटणापर्यंत गेले, हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्याच निबंधातली दुसरी नोंद क्वचितच कुणी वाचतं. 14 जणांना अनावर, विचित्र हसू फुटत होतं आणि तिघांना तर आवर घालता येणार नाही अशी आकडी आली. पुढच्याच वर्षी डायना बॉमरिंड यांनी यावर आक्षेप घेतला आणि तो वाद आजही शिकवला जातो. शिवाय आपल्या शास्त्रांतली बहुतेक इजा शरीराला होतच नाही. नोकरी जाते, घरात संशय शिरतो, चारचौघांत मान खाली जाते.

"नावं बदलली की झालं." माझ्या मते सगळ्यांत जास्त नुकसान हाच दावा करतो. न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहान गावावर आर्थर विडिच आणि जोसेफ बेन्समन यांचं पुस्तक 1958 मध्ये आलं. गावाला 'स्प्रिंगडेल' हे खोटं नाव दिलं होतं, माणसांचीही नावं बदलली होती. व्यक्तीची ओळख पटणार नाही, असं आश्वासन गावकऱ्यांना आधी मिळालेलं होतं. पण पुस्तक वाचताच गावानं एकूण एक माणूस ओळखला. स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत लोकांनी शेणखताच्या गाडीवर संशोधकाचा पुतळा बसवून आपला राग दाखवला. परक्या वाचकासाठी ती माणसं निनावी होती. शेजाऱ्यासाठी नव्हती, आणि त्रास शेजाऱ्याकडूनच होतो.

आकडेवारीतही हेच घडतं. लटान्या स्वीनी यांनी 1990 च्या अमेरिकी जनगणनेवरून दाखवलं, की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून सुमारे 87 टक्के लोक एकमेवाद्वितीय ठरण्याची शक्यता आहे. यांत नाव कुठेच नाही. आता तुमच्या प्रबंधातलं 'वय 54, शाळेतली एकमेव विज्ञान शिक्षिका, दोनदा बदली' हे वाक्य पुन्हा वाचा. 'सुनीता'ची 'अनिता' करून काय लपलं? वय मोघम करा, दोन व्यक्तींचे तपशील एकत्र गुंफा आणि तसं केल्याचं पद्धतीच्या प्रकरणात सांगा. हे करूनही ती ओळखू येत असेल, तर ते अवतरण कितीही सुंदर असो, गाळा.

"नियम पाळले तर लोक खरं बोलत नाहीत." इथे गोष्ट नेमकी उलटी आहे. स्टॅन्ली वॉर्नर यांनी 1965 मध्ये नाजूक प्रश्नांसाठी एक पद्धत मांडली. तिचं एक सोपं रूप असं: उत्तर देणाऱ्यानं गुपचूप नाणं उडवायचं. छापा पडला तर काहीही असो, 'हो' म्हणायचं. काटा पडला तर खरं उत्तर द्यायचं. समोरच्याचं 'हो' नाण्याचं की मनाचं, हे संशोधकालाही कळत नाही, म्हणून खरं सांगायची भीती कमी होते. समजा, 1000 जणांपैकी 600 'हो' म्हणाले. साधारण 500 'हो' नाण्याचे. उरलेल्या 500 पैकी 100 खरे, म्हणजे प्रमाण सुमारे 20 टक्के. व्यक्ती झाकलेली राहते, समूहाचं चित्र मात्र मिळतं. याची किंमतही आहे: तेवढीच अचूकता हवी असेल तर नमुना बराच मोठा घ्यावा लागतो. पण इथे माणसाचं रक्षण हीच मोजमापाची पद्धत झाली आहे. नैतिकतेचं प्रकरण वेगळं आणि पद्धतीचं वेगळं, अशी विभागणी मला म्हणूनच पटत नाही.

सहीबद्दल थोडं. काही अभ्यासांत सहीच धोक्याची असते, कारण माणसाला तुमच्या अभ्यासाशी जोडणारा तो एकमेव कागद असतो. अशा वेळी तोंडी संमती घेण्याची मुभा समितीकडे मागता येते. मागा.

"विद्यार्थ्याच्या टिपणवह्या कोण बघतंय?" न्यायालय बघतं. रिक स्कार्स पीएचडीचे विद्यार्थी होते आणि पर्यावरण चळवळींवर काम करत होते. आपल्या माहितीस्रोतांविषयी ग्रँड ज्युरीला (अमेरिकेत खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाला) सांगायला त्यांनी नकार दिला आणि 1993 मध्ये त्यांना 159 दिवस तुरुंगात काढावे लागले. बॉस्टन कॉलेजच्या प्रकल्पात 2001 पासून उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र गटांच्या माजी सदस्यांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. हयातीत काहीही उघड होणार नाही, अशी सहभागींची समजूत करून दिली होती. 2011 मध्ये ब्रिटिश तपासासाठी त्या ध्वनिफितींवर समन्स निघालं आणि काही मुलाखती अखेर पोलिसांच्या हाती गेल्या.

तेव्हा संमतीपत्रातलं 'तुमची माहिती पूर्णपणे गोपनीय राहील' हे वाक्य आजच खोडा. माहिती कुठे ठेवणार, कोण पाहणार, ध्वनिमुद्रण कधी पुसणार आणि कायद्यानं मागितली तर तुमच्या हातात काय उरेल, हे समोरच्याला समजेल अशा भाषेत लिहा. ते ऐकून कुणी मुलाखतीला नाही म्हणालं, तर आभार मानून उठा.