‘कुत्रा विकायला ठेवलाय की मुलगी द्यायचीय?’ : तुमच्या एक स्टारला उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. बुलडॉगचं पिल्लू बुक केलं, ॲडव्हान्स भरला, दोन्ही मुलांना घेऊन दोन तास गाडी चालवत आलात, आणि केनेलच्या मालकिणीने वीस प्रश्न विचारून पिल्लू द्यायला नकार दिला. वर ‘दुसरा एखादा कुत्रा बघा’ असा सल्लाही दिला. ‘कुत्रा विकायला ठेवलाय की मुलगी द्यायचीय?’ असं विचारून शेवटी तुम्ही लिहिलंय की धंदा करायचा नसेल तर केनेल बंद करा.

आधी आमचं जे चुकलं ते. हे प्रश्न ॲडव्हान्स घेण्याआधी, फोनवर विचारायला हवे होते. तुमची फेरी वाचली असती. तुमच्या धाकटीने पिल्लू मांडीवर घेऊन त्याचं नावसुद्धा ठेवलं होतं आणि त्यानंतर मी नाही म्हटलं, हे मलाही दोन दिवस टोचत होतं. ‘लिफ्ट नाही’ म्हणालात तेव्हा आमचा मदतनीस हसला, तेही बरोबर नव्हतं. या दोन्हींबद्दल मनापासून माफी मागते. आता आम्ही आधी फोनवर बोलतो, मगच बुकिंग घेतो.

नकाराबद्दल मात्र माफी मागणार नाही. घरची परिस्थिती तुम्ही रिव्ह्यूत स्वतःच लिहिली आहे, म्हणून इथे उल्लेख करते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात घराला कुलूप. तुम्ही रोज पाच किलोमीटर पळता आणि सोबतीला कुत्रा हवा. सुट्टीत सगळे पोहायला जाता, तिथेही तो हवा.

पिल्लू तुम्ही एका तळहातावर उचललंत. तोच नर मोठा झाला की साधारण २५ किलोचा होतो, मादी २३ किलोची. छाती रुंद, पाय आखूड, आणि या जातीत खुब्याच्या सांध्याचा त्रास फार. उद्या त्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जिना बंद सांगितला, तर शू-शीसाठी दिवसातून चार-पाच वेळा त्याला तीन मजले उचलून खाली-वर कोण करणार? हा माझा प्रश्न तुम्हाला आगाऊपणाचा वाटला. मी तो अगदी साध्या मनाने विचारला होता.

पोहण्याचं तर सोडूनच द्या. डोकं जड, मागचं अंग हलकं. पाण्यात तो तरंगत नाही, पुढून बुडतो. गुडघाभर पाण्यातही त्याला एकटं सोडू नये.

आता पळण्याचं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतो. बुलडॉगचं तोंड पिढ्यानपिढ्या आखूड करत आणलं, पण आतलं सामान तेवढंच राहिलं. टाळूचा मागचा मऊ भाग लांब पडून घशात लोंबतो, नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद, कित्येकांची श्वासनलिकाही बारीक. म्हणजे अंग गार करायला जोरात श्वास घ्यावा, तर जोराने घशाला आतून सूज येते आणि वाट आणखी अरुंद होते. ब्रिटनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बुलडॉगला उष्माघाताचा धोका लॅब्रॅडॉरच्या सुमारे १४ पट दिसला. बऱ्याच विमान कंपन्या या जातीला सामानाच्या कप्प्यात घ्यायलाच तयार नसतात, ते याचमुळे.

तुम्ही लिहिलंय, ‘सगळीकडे लिहिलंय की बुलडॉग आळशी असतो, फ्लॅटसाठी उत्तम, काही करावं लागत नाही.’ अर्धं खरं आहे. भुंकणं कमी, मुलांशी मऊ, घरातल्या माणसाच्या पावलावर बूड टेकवून बसणार म्हणजे बसणारच. हट्टी आहे, पण डूख धरणारा नाही. मात्र ‘काही करावं लागत नाही’ हे लिहिणाऱ्याने त्याच्या तोंडावरच्या घड्या कधी पुसलेल्या नाहीत, हे मी पैजेवर सांगते. नाकावरच्या घडीत बोट घालून ती उघडली की आत ओलसर, लालसर कातडी दिसते. दोन दिवस राहून गेलं तर आंबूस वास येतो, चार दिवसांत फोड. रोज ओल्या कपड्याने पुसायचं आणि मग कोरडं करायचं. कोरडं करणंच महत्त्वाचं आणि लोक तेच विसरतात. शेपटी आत वळलेली असेल तर तिच्या खाली एक खळगा असतो, तोही पुसायचा. तिथे हात लावलेला त्याला मुळीच आवडत नाही. शिवाय लाळ, घोरणं आणि पोटातला गॅस. त्या वासाचं वर्णन इथे करत नाही.

आणि तो आळस? तो बसून झोपतो किंवा हनुवटी खेळण्यावर टेकवून झोपतो, त्याचे व्हिडिओ लोक ‘किती गोड’ म्हणून पाठवतात. बऱ्याचदा आडवं झाल्यावर श्वास अडतो म्हणून त्याने शोधलेली ती युक्ती असते.

हे प्रश्न मी पूर्वी विचारत नव्हते. सहा वर्षांपूर्वी एक नर असाच हसतखेळत दिला. घर चांगलं, माणसं प्रेमळ. उन्हाळ्यात एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, मुलं त्याच्याशी चेंडू खेळत होती. खेळात रंगला की कुठे थांबायचं ते बुलडॉगला कळत नाही, ते आपणच ठरवावं लागतं. मला फोन आला तेव्हा मागे त्याचा श्वास ऐकू येत होता, लाकडावर करवत ओढावी तसा. मी ओरडून सांगितलं, आधी अंगावर पाणी ओता, मग गाडीत घाला. घाबरून त्यांनी आधी गाडीत घातलं. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत संपलं होतं. त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. पण दुपारी घरी कोण असतं आणि कुत्र्याला कधी, किती पळवणार, एवढंसुद्धा मी त्यांना विचारलं नव्हतं. तुम्ही मोजलेल्या वीस प्रश्नांतले पहिले दोन तेच आहेत.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण विचारायला हवा होता: हे सगळं माहीत असून मी ही जात वाढवते कशाला? नॉर्वेत २०२२ साली ओस्लोच्या न्यायालयाने बुलडॉगच्या पैदाशीवर बंदीच घातली होती. पुढे अपिलात ती उठली. बातमी वाचून मला राग आला नाही, लाज वाटली. आमचीही गेली वीण सिझेरियननेच झाली, बहुतेक बुलडॉगांची होते तशी. माझ्याकडे याचं पूर्ण उत्तर नाही. इतकंच सांगते की आमच्याकडे विणी कमी होतात, आणि आई-बाप दोघांची श्वासाची तपासणी झाल्याशिवाय होत नाहीत. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून घसा ऐकतात, कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवतात, पुन्हा ऐकतात आणि ० ते ३ अशी श्रेणी देतात. केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटनचा केनेल क्लब, म्हणजे तिथली कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था, यांची ही पद्धत. ३ आली तर त्या कुत्र्याची पैदास नाही. २ आली तरी मी थांबते, त्यात माझं नुकसान होतं, होऊ दे.

तुम्ही लिहिलंय की दुसरे एक ब्रीडर उद्याच पिल्लू द्यायला तयार आहेत. घ्यायचंच ठरलं असेल तर निदान पिल्लाची आई बघायला मागा, फोटो नको, समोर. तिला अंगणात दोन-तीन मिनिटं चालवून आणायला सांगा आणि गप्प उभे राहून ऐका. बसल्या जागी घरघर ऐकू आली तर पिल्लाकडे न बघता परत फिरा, कारण बघितलं की संपलं. ‘दुर्मिळ रंग’ म्हणून जास्त पैसे सांगितले तर तेही सोडा. आणि गळ्यात पट्टा घालून ओढू नका, छातीचा हार्नेस घ्या.

‘दुसरा कुत्रा बघा’ म्हणाले ते तुम्हाला अपमान वाटलं. मी म्हणाले होते की पाच किलोमीटर पळणाऱ्या माणसाला लांब नाकाचा, हलक्या अंगाचा कुत्रा हवा, आणि दत्तक देणाऱ्यांकडे असे मोठे झालेले गावठी कुत्रे भरपूर आहेत. दहा तास एकटं राहायचं म्हटलं तर त्यालाही आधी सवय लावावी लागेल, दुपारी कुणीतरी चक्कर मारावी लागेल. पण तुमच्याबरोबर पळून आल्यावर तो पुन्हा पळायला तयार असेल.

तुमच्या धाकटीने नाव ठेवलेलं पिल्लू अजून आमच्याकडेच आहे. नाव तेच ठेवलंय. धाकटीला त्याला भेटायला यायचं असेल तर रविवारी सकाळी दहाच्या आत या, नंतर आम्ही त्यांना बाहेर काढत नाही.

ॲडव्हान्सची पूर्ण रक्कम त्याच दिवशी परत पाठवली आहे. खात्यात दिसत नसेल तर कळवा, पावती पाठवते.