शाळा मुलाची, हजेरी आईची

बडोद्यात आमच्या दांडिया बाजारात, शेजारच्या वहिनींचा मुलगा यंदा चौथीत गेला. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नाही; पायात आधाराचं कॅलिपर, हातात वॉकर. डोकं असं तल्लख की कुठल्याही मॅचचा स्कोअर विचारा. माझ्या मुलीच्याच शाळेत आहे. शाळेनं प्रवेश दिला म्हणून गल्लीभर कौतुक झालं.

पण वहिनी सकाळी त्याला अ‍ॅक्टिव्हावरून सोडतात आणि घरी परतत नाहीत. फाटकाबाहेरच्या ओट्यावर बसतात. तासाभरानं शिपाई येतो, ‘बेन, चालो, बाथरूम.’ यंदा चौथीचा वर्ग वरच्या मजल्यावर आला, म्हणजे मूल कडेवर, वॉकर दुसऱ्या हातात. खालचा दुसरीचा वर्ग वर न्या आणि चौथी खाली आणा, एवढंच म्हणणं होतं. उत्तर आलं, ‘टाइमटेबलमध्ये बसत नाही.’ बाकं हलवायला टाइमटेबल कशाला लागतं, देव जाणे! मकरपुऱ्यातली अकाउंट्सची नोकरी वहिनींनी केव्हाच सोडली.

यावर लोक म्हणतात, ‘आई ती आईच.’ मला या वाक्याचा राग येतो. आईच्या मायेवर शाळा फुकटात एक मदतनीस राबवून घेते, हे कोणी बोलत नाही. आणि जी आई चार घरची धुणीभांडी करते, तिनं ओट्यावर कसं बसायचं? तिचं मूल शेवटी घरीच राहतं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. इमारत वापरता येण्याजोगी करणं आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करणं हे शाळेचं काम, असं त्यात लिहिलंय. आईला बसवून ठेवा असं कुठंही नाही. सुप्रीम कोर्टानं २०२१मध्ये विशेष शिक्षकांचा, म्हणजे अपंग मुलांना शिकवायचं प्रशिक्षण घेतलेल्यांचा, प्रश्न धसाला लावल्यावर केंद्रानं २०२२मध्ये प्रमाण ठरवलं: प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक शिक्षक, त्यावरच्या वर्गांना १५ मागे एक. आमच्या शाळेत आहे का? वर्गावरच्या बेन चांगल्या आहेत, पण पन्नासेक मुलं एकटीनं सांभाळताना त्यांनी तरी काय काय करावं?

सयाजीरावांनी १९०६ साली बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. आता पालक फाटकावर उभा आहे आणि टाळाटाळ आतून चाललीय.

शनिवारी पालकसभा आहे. शाळा अनुदानित आहे, तेव्हा शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत. ती यादी मी मागणार आहे. अर्जात दोनच मागण्या आहेत: दिवाळीआधी चौथीचा वर्ग खाली आणा आणि बाथरूमला न्यायला शाळेच्या खर्चानं एक बाई ठेवा. विशेष शिक्षकासाठी जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांना वेगळं पत्र. सह्या घ्यायला शुक्रवारी संध्याकाळी मी घरीच आहे. बाबालोकांनीही यावं, दर वेळी बायकांनाच पुढं करू नका.