नवीन पॉवरपफ गर्ल्स बघून डोकं फिरलंय माझं

ज्यात काही बिघडलेलंच नव्हतं ते हातात घेऊन त्याची वाट लावायची हौस लोकांना का असते हे मला खरंच कळत नाही. पॉवरपफ गर्ल्सबद्दल बोलतेय मी, तीन सुपरहिरो बहिणींचं ते कार्टून. दोन आहेत, एक 1998 ते 2005 वाली, क्रेग मॅक्रॅकनने बनवलेली, आणि दुसरी एप्रिल 2016 मध्ये आलेली जिच्यात त्याचा काडीचा सहभाग नाही. नाव तेच, मुली त्याच, ब्लॉसम बबल्स बटरकप, गुलाबी निळी हिरवी, आणि म्हणून ज्याला विचारावं तो म्हणतो अगं एकच तर आहे, लाव ना कुठलीही. नाहीये एकच!

सुट्टीत भाची आली होती राहायला, म्हटलं हिला दाखवूया आपण काय बघायचो ते. ज्या ॲपचे मी दर महिन्याला पैसे भरते तिथे शोधलं तर वरती नवीन मालिका, मोठ्ठं पोस्टर, सगळं टापटीप. जुनी कुठेतरी खाली, मधले सीझन गायब, काही भागांचा क्रम उलटासुलटा, एकाला हिंदी आवाज आहे तर दुसऱ्याला नाही. हेल्पला लिहिलं तर उत्तर आलं की तुमचा फीडबॅक आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा आहे तर करा ना काहीतरी! शेवटी पोरीने स्वतःच नवीन लावली आणि मी शेजारी बसून बघितली, एकामागून एक, आणि माझा पारा चढतच गेला.

पहिलाच भाग घ्या. मुलींच्या शहराचा, टाउन्सविलचा मेयर राक्षसांच्या बेटावर अडकलाय, त्याला सोडवायचंय, आणि मुलींच्या डोक्यात काय चाललंय तर बबल्सला कॉन्सर्टची दोन तिकिटं मिळालीत, मग तिच्याबरोबर कोण जाणार यावरून ब्लॉसम आणि बटरकपची कुरबुर. बहिणी भांडतात, मान्य आहे, जुन्या मालिकेत पण सारख्या भांडायच्या, एकमेकींचे केस उपटायच्या. पण तिथे भांडण कशावरून व्हायचं ते बघा. बबल्सला सगळे कुक्कुलं बाळ समजतात म्हणून ती चिडते, एकटीच ट्रेनिंग रूममध्ये जाते, लेव्हल अकरा लावते, आणि मग रस्त्यात दिसेल त्याला धोपटत सुटते, साध्या साध्या चुका करणाऱ्यांना पण. आणि शेवटी मोजो जोजो, तो व्हिलन माकड, तिला पकडतो तेव्हा तीच बाळ समजलेली मुलगी एकटी त्याला लोळवते. माझ्यासारखी घरातली शेंडेफळ असलेली जी मुलगी ते बघत होती तिला बबल्सचा राग पोटातून कळत होता. तिला कोणी ओरडून सांगितलं नाही की अगं तू स्ट्राँग आहेस. तिने बघितलं, बास.

माझा सगळा राग इथेच आहे. जुन्या मालिकेत मुली सुपरहिरो आहेत याचं कोणालाच काही वाटत नाही. केजीत जाणाऱ्या तीन पोरी, वर्गातला फोन वाजतो, बाई त्यांना सोडतात, त्या खिडकी फोडून उडतात, राक्षसाचे दात पाडतात आणि परत येऊन चित्र रंगवतात. शहराने मानलंय, बापाने मानलंय, विषय संपला. नवीनमध्ये सारखं आपलं मुली पण करू शकतात, मुली पण करू शकतात. अरे कोण म्हणत होतं करू शकत नाहीत? तुम्हीच आधी शंका काढता आणि मग तुम्हीच तिला उत्तर देता, आणि समोर बसलेल्या सात वर्षांच्या मुलीच्या डोक्यात ती शंका पहिल्यांदा तुमच्यामुळे जाते.

नवीनमध्ये एक मॅनबॉय नावाचा व्हिलन आहे, छोटासा, दाढीवाला, पुरुषीपणाचा माज असलेला. बटरकपला कोणी प्रिन्सेस म्हटलं की तिचं डोकं सटकतं आणि हा नेमका तेच बोलतो. म्हणजे विषय चांगलाय, खूप काही करता आलं असतं. पण गोष्ट कुठे जाते तर बटरकपने स्वतःचा राग कसा आवरायचा इथे! अपमान त्याने करायचा आणि शांत राहायला शिकायचं हिने? हे तर आम्ही घरात, शाळेत, ऑफिसात, बसमध्ये रोजच ऐकतो, जाऊ दे गं, लक्ष नको देऊस, तू कशाला चिडतेस. याच्यासाठी मला सुपरहिरो मुलगी नकोय.

आणि हे विषय जुन्यांनी हाताळले नव्हते असं नाही. फेम फटाल नावाची एक चोर होती, ती फक्त सुझन बी. अँथनीचा चेहरा असलेली डॉलरची नाणी चोरायची. मुली तिला पकडतात तेव्हा ती त्यांना पटवते की जगात बायकांवर कसा अन्याय होतो, बाई सुपरहिरो आहेतच किती, मग तुम्ही एका बाईला पकडता कशा. मुलींना पटतं, त्या तिला सोडून देतात आणि शाळेतल्या मुलांना, अगदी त्यांच्या बापाला, बिचाऱ्या प्रोफेसरला पण वाकडं बोलायला लागतात. मग त्यांना जागेवर कोण आणतं? शाळेतल्या बाई मिस कीन आणि मेयरच्या ऑफिसातली मिस बेलम. त्यांच्याच आयुष्यातल्या बायका. आणि सुझन अँथनीची खरी गोष्ट सांगितली जाते, की 1872 मध्ये बायकांना मताचा हक्क नसताना तिने मतदान केलं, तिला अटक झाली, आणि बाई म्हणून मला वेगळी सूट नको असं तिचं म्हणणं होतं. अहो हे पोरांच्या कार्टूनमध्ये! दहा-अकरा मिनिटांत! त्यात लबाडी कशी ओळखायची ते होतं, इतिहास होता, आणि शेवटी मारामारी पण होती. मला सुझन अँथनी हे नाव शाळेच्या पुस्तकातून नाही कळलं, तिथून कळलं.

आता मिस बेलमवर येते, कारण त्यावरून मी सगळ्यात जास्त तापलेय. लाल कुरळ्या केसांची, लाल सूटमधली, जिचा चेहरा सहसा दिसत नाही ती मेयरची असिस्टंट. मेयरला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडता येत नाही, शहर चालवते ती. हे आम्हाला तेव्हा पण कळत होतं. नवीन मालिकेत तिला काढूनच टाकलं, का तर आत्ता आम्हाला जो मेसेज द्यायचाय त्यात ती बसत नाही असं बनवणाऱ्यांनी सांगितलं. म्हणजे तिचं शरीर ज्या पद्धतीने काढलं होतं त्याचा प्रॉब्लेम होता ना, मला पण तो दिसतो, कॅमेरा तिच्या मानेखालीच फिरायचा. मग बदला ना चित्र! चेहरा दाखवा तिचा, कपडे बदला, तिलाच मेयर करा, हात कोणी धरला होता? पण नाही, मालिकेतली सगळ्यात हुशार, सगळ्यात कामाची बाई गायब केली आणि तो बिनडोक मेयर मात्र खुर्चीवर तसाच. आणि हे म्हणे मुलींसाठी केलं.

आवाजांचं पण तेच. मोजो जोजोचा रॉजर जॅक्सन राहिला, मेयर आणि निवेदकाचा टॉम केनी राहिला, प्रोफेसरचा टॉम केन राहिला. मिस कीनची जेनिफर हेल पण राहिली, तेवढं बरं. पण ज्या तिघींच्या नावावर मालिका आहे त्या तिन्ही मुलींच्या कलाकार बदलल्या, कॅथी कॅव्हडिनी, टारा स्ट्राँग, ई. जी. डेली, तिघी बाहेर. टारा स्ट्राँगने उघड सांगितलं होतं की हे खूप लागलंय. नवीन मुलींच्या आवाजाबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्यांनी त्यांचं काम केलं. पण बाकीचे सगळे बोलवायचे आणि नेमक्या त्या तिघींनाच नाही, हे कुठलं वागणं?

मारामारी तर बघवत नाही. जुन्यात ठोसा बसला की बसायचा, बिल्डिंग पडायची, मुलींचे डोळे काळेनिळे व्हायचे. त्या जाड काळ्या रेघा, सपाट रंग, पन्नास-साठच्या दशकातल्या अमेरिकन कार्टूनसारखी शहराची चित्रं, एकेक फ्रेम भिंतीवर लावावी अशी. आणि भीती होती हो खरीखुरी! एकदा तिघी शर्यत लावून इतक्या जोरात उडतात की थेट पन्नास वर्षं पुढे जातात, आणि तिथे हिम नावाच्या सैतान व्हिलनने सगळं शहर नरक करून ठेवलेलं, आणि लोक यांनाच विचारतात की तुम्ही होतात कुठे. माझी झोप उडाली होती त्या रात्री. नवीनमध्ये मुलींच्या अंगातून चमकणारे रंगीत आकार निघतात, त्याने लढाई, कोणाला काही लागत नाही, कशाचं काही वाटत नाही, आणि मधेमधे इंटरनेटवरचे मीम. पांडा कंबर हलवतोय आणि मुली पण हलवतायत. सहा महिन्यांनी कोणाला कळणार आहे तो मीम?

आणि 2017 ची ती ब्लिस. चौथी बहीण. गाजावाजा करून आणली, पाच भागांचा स्पेशल केला. निळ्या केसांची, सावळी, मोठी मुलगी, कल्पना ऐकून मला आनंदच झाला होता, आपल्याकडच्या पोरींना किती बरं वाटलं असतं. पण तिला बसवण्यासाठी काय केलं तर प्रोफेसरने म्हणे या तिघींच्या खूप आधीच केमिकल डब्ल्यू वापरून एक मुलगी बनवली होती. अरे! साखर, मसाला, सगळं छान छान आणि मग चुकून सांडलेलं केमिकल एक्स, यातून प्रोफेसरच्या हातून या तिघी तयार झाल्या, त्या एका चुकीवर सगळी गोष्ट उभी आहे, ती चुकून झाली म्हणून त्या माणसाचं त्या मुलींवरचं प्रेम एवढं भिडतं, आणि तुम्ही तो पायाच उपटून टाकला. बरं उपटला तर उपटला, मग त्या मुलीला घरात तरी ठेवायचं, तर ती काही कायमची चौथी बहीण म्हणून राहिलीच नाही. सावळी मुलगी हवी होती पोस्टरपुरती. जुन्यात बनी होती, मुलींनी स्वतः बनवलेली, वेडीवाकडी, जांभळ्या कपड्यातली, ती एकाच भागात आली आणि त्यांना वाचवून गेली, आणि आज इतक्या वर्षांनी पण तिचं नाव काढलं की माझ्या वयाच्या बायका गप्प होतात.

लोक म्हणतात तुझं लहानपण म्हणून तुला जुनं आवडतं. हो आवडतंच, दप्तर टाकून टीव्हीसमोर बसायचे मी, पण म्हणून काय डोळे मिटून बसू? शक्तिमान पुरुष, स्वॅट कॅट्स पुरुष, जो जग वाचवणार तो पुरुषच, त्यात या तीन पोरी होत्या आमच्या. आणि भाचीला नवीन आवडली का? बघितली तिने, मधेच फोन मागितला, मग उठून गेली. नंतर जुनी जेवढी मिळाली तेवढी लावली तर जेवायला बोलावलं तरी हलेना. तिच्या लहानपणाचा काय संबंध आहे 1998 शी?

2022 मध्ये जाहीर झालं होतं की मॅक्रॅकन स्वतः नवीन बनवणार. बनवा. फक्त पोरींना कॉन्सर्टची तिकिटं आणि मीम नका देऊ, राक्षस द्या, मोठे द्या, मिस बेलमला तिच्या ऑफिसात परत बसवा आणि या वेळी चेहरा दाखवा तिचा. आणि ज्यांच्याकडे जुनी मालिका पडून आहे त्यांनी ती पूर्ण, ओळीने, हिंदीत पण, लोकांसमोर ठेवा, पैसे घेताय ना आमच्याकडून.