आज तिसऱ्यांदा टीचर बदलल्या

आज भाची शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, आमच्या टीचर उद्यापासून येणार नाहीत." दुसरीत आहे ती. या वर्षातल्या या तिसऱ्या टीचर. रडली वगैरे नाही, आणि तेच मला जास्त लागलं. सवय झालीये तिला. आणि नेमका आजच एका ग्रुपवर कुणीतरी आलेख टाकलाय, जगातल्या प्राथमिक शिक्षकांची संख्या १९७० पासून कशी वाढली त्याचा, आणि खाली लिहिलंय की एवढे शिक्षक इतिहासात कधीच नव्हते, तरी लोकांचं रडगाणं संपत नाही. डोकंच फिरलं माझं. लांब होईल पोस्ट, पण लिहितेच.

आधी माझ्या पहिलीच्या बाईंबद्दल सांगते. वर्गात साठ-बासष्ट पोरं. मी मागच्या बाकावर. फळ्यावरचं मला दिसायचंच नाही, पण दिसत नाही हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं सगळ्यांना असंच धूसर दिसतं. मी शेजारणीच्या वहीतून उतरवायचे. बाईंनी ते पकडलं. ओरडल्या नाहीत. खडू खाली ठेवला, माझ्याजवळ आल्या, वही हातात घेतली आणि दोन पानं मागे जाऊन बघितलं. शेजारणीने एका शब्दात चूक केली होती, तीच्या तीच चूक माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बाकावर, आणि पंधरा दिवसांत चष्मा. हे त्यांना पहिल्या आठवड्यात नाही कळलं, चार-पाच महिने रोज आम्हाला बघत होत्या म्हणून कळलं.

आता तो आलेख. रेघ खोटी नाही, वर जातेच. २००० साली जगात अडीच कोटींच्या आसपास प्राथमिक शिक्षक होते, आता तीन कोटींच्या वर आहेत. का वाढले तेही चांगलंच आहे, कितीतरी देशांनी फी काढून टाकली, मलावीने १९९४ मध्ये, युगांडाने १९९७ मध्ये, केनियाने २००३ मध्ये, आणि कधी शाळेचं तोंड न पाहिलेली लाखो पोरं एकदम वर्गात आली. कुणाला आनंद होणार नाही? पण पोरं एका सकाळी येतात हो, शिक्षक एका सकाळी तयार होत नाही. मग मलावीत हजारो लोकांना जेमतेम तयारी करून थेट फळ्यापुढे उभं केलं. पश्चिम आफ्रिकेत तर कमी पगारावर कंत्राटी शिक्षक घ्यायची पद्धतच पडली. मोजणीत ते सगळे शिक्षकच. अर्धवेळचा एक, पूर्णवेळचाही एक. डोकी मोजतात, दुसरं काही नाही.

आणि निघून गेलेले कुठे दिसतात त्या रेघेत? युनेस्कोच्याच अहवालात आहे, नोकरी सोडणाऱ्या प्राथमिक शिक्षकांचं प्रमाण २०१५ साली ४.६ टक्के होतं, २०२२ मध्ये ९ टक्क्यांच्या वर. दुप्पट! एक गेला, दुसरा आला, आकडा तिथल्या तिथे, आलेख खूश. माझ्या भाचीच्या वर्गाचंही तसंच की, कागदावर वर्षभर एक टीचर आहेच. जागा एक दिवसही रिकामी नव्हती. तक्रार कुणाकडे करायची आणि कशाची?

त्याच युनेस्कोने २०१६ मध्ये हिशोब केला होता की २०३० पर्यंत प्राथमिक आणि माध्यमिक मिळून ६.९ कोटी नवे शिक्षक लागतील, नंतर तो ४.४ कोटींवर आला. कमी झाला, बरं झालं, मान्य. पण त्यातही अर्ध्याहून जास्त भरती ही सोडून गेलेल्यांच्या जागा भरायला लागणार आहे. गळक्या बादलीत पाणी ओतायचं आणि किती ओतलं ते मोजून दाखवायचं.

कुणीतरी म्हणेलच की जन्मदर पडतोय, पोरंच कमी होणार, मग शिक्षक कशाला हवेत. दक्षिण कोरियात प्राथमिकची भरती कमी केलीये, जपानमध्ये दरवर्षी शाळा बंद पडतायत. ठीक आहे. पण त्याच जपानमध्ये वर्गावर पाठवायला शिक्षक मिळत नाहीत अशीही ओरड आहे, कारण कामाचे तास बघून तरुण पोरं त्या वाटेला जायलाच तयार नाहीत. पोरं कमी झाली तर उरलेल्यांना माणूस जास्त मिळायला हवा ना? की लगेच पदच कापायचं?

आणि हो, माझ्या वर्गात बासष्ट होतो, भाचीच्या वर्गात पस्तीस आहेत, हे सुधारलंच आहे, मी नाही म्हणत नाही.

गेलेल्या टीचरवर माझा राग नाही, खरंच नाही. दुपारी रागात होते, आता लिहिता लिहिता उतरलाय. शेवटच्या दिवशी त्यांनी पोरांच्या सगळ्या वह्या तपासून दिल्या, भाचीच्या वहीत प्रत्येक पानावर तारीख घालून सही आहे. जिला जायचंच आहे ती एवढं कशाला करेल? पगार, बाकीची कागदं भरायची कामं, काहीतरी असणारच. जगभरात प्राथमिकला दोन तृतीयांश बायकाच शिकवतात, आणि "प्रेमाने करतात, पैशाचं काय" हे वाक्य त्यांनाच ऐकवलं जातं. माझ्या बाईंनाही ऐकवत असतील. त्या मला दिसत होत्या तेवढ्या आनंदात होत्या का, हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं.

भाचीला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. पहिल्या टीचरना ते कळायला तीन महिने लागले, मग त्यांनी तिला डावीकडच्या रांगेत पहिल्या बाकावर बसवलं, म्हणजे उजवा कान वर्गाकडे राहतो. त्या गेल्या. दुसऱ्या टीचरनी चांगल्या मनानेच तिला उजवीकडे हलवलं, डावा कान आपल्याकडे यावा म्हणून, आणि दोन आठवडे तिला निम्मं कळत नव्हतं, आम्हालाही कळलं नाही. मग ताई जाऊन सांगून आली. त्याही गेल्या, आणि आता या तिसऱ्याही.

मघाशी बघितलं तर ती वहीचं पान फाडून काहीतरी लिहीत होती. मोठ्या अक्षरात, 'मला डाव्या कानाने कमी ऐकू येते. मला डावीकडे बसवा.' घडी घालून कंपासपेटीत ठेवलं. मी म्हटलं, अगं आई येईल की सांगायला. तर म्हणाली, "असू दे मावशी, पुढच्या टीचरना पण दाखवता येईल."