वांडाव्हिजनच्या शेवटाचं खापर आमच्या डोक्यावर का?

मार्व्हलच्या सुपरहिरोंच्या 'वांडाव्हिजन' या मालिकेचा विषय निघाला की कुणीतरी अजूनही तेच ऐकवतं. शेवट चांगलाच होता, तुम्हीच थिअऱ्या रचत बसलात आणि स्वतःचा विरस करून घेतलात. मग दुसरा येतो, म्हणतो की ही मालिका दुःखाबद्दल होती, तुम्हाला ते कळलंच नाही, तुम्ही सैतान शोधत बसलात. आणि सैतान शोधणारे बिचारे गप्प बसतात, कारण सैतान खरंच आला नाही.

मी या प्रकरणात सैतानवाल्यांचा वकील आहे. पण माझी स्वतःची तक्रार त्यांच्यापेक्षा वेगळी आहे, तिच्यापर्यंत येतोच. मालिका पाहिली नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळं फोडलेलं आहे.

आधी तो काळ आठवा. जुलै २०१९ मधल्या स्पायडर-मॅननंतर मार्व्हल स्टुडिओजचं नवं काहीच आलेलं नव्हतं. करोनाने सगळं वेळापत्रक उधळलं. खरं तर फाल्कनची मालिका आधी यायची होती, पण तिचं चित्रीकरण अडकलं आणि वांडाव्हिजन पुढे आली. १५ जानेवारी २०२१ ला पहिले दोन भाग एकदम, मग दर शुक्रवारी एक, असं करत ५ मार्चला नववा. आपल्याकडे हॉटस्टारवर दुपारी दीडच्या सुमारास भाग पडायचा. वर्क फ्रॉम होमचे दिवस. निम्म्या ऑफिसांमध्ये शुक्रवारी दुपारी लोकांचं 'नेटवर्क गंडायचं' ते उगाच नाही. भाग जेमतेम अर्ध्या तासाचा, चर्चा पुढच्या शुक्रवारपर्यंत.

आणि काय सुरुवात होती! सुपरहिरोंची मालिका म्हणून लावावी तर समोर ब्लॅक अँड व्हाइट, चौकोनी पडदा, मागे प्रेक्षकांचा हशा. पहिला भाग खरोखर स्टुडिओत प्रेक्षक बसवून चित्रित केला होता आणि कॅमेऱ्यामागची मंडळीही पन्नाशीच्या दशकातले कपडे घालून आली होती. पुढचा भाग साठच्या दशकातला, मग सत्तरच्या, ऐंशीच्या, अमेरिकन सिटकॉमचा सगळा इतिहास एकेक आठवड्याने. जादूची शक्ती असलेली वांडा आणि तिचा यंत्रमानव जोडीदार व्हिजन न्यू जर्सीतल्या वेस्टव्ह्यू गावात सुखाचा संसार करतायत. फक्त व्हिजन मेलेला आहे, आधीच्या चित्रपटात आपण स्वतःच्या डोळ्यांनी त्याला मरताना पाहिलंय, आणि ते त्यालाच माहीत नाही. दिग्दर्शक मॅट शॅकमन आणि लेखिका जॅक शेफर यांनी पहिले तीन भाग ज्या आत्मविश्वासाने काहीही न सांगता रेटले, ते मार्व्हलमध्ये पुन्हा फारसं कुणाला जमलेलं नाही.

आता थिअऱ्या. मेफिस्टो नावाचा सैतान येणार असं लोकांनी म्हटलं ते काय झोपेत म्हटलं? मूळ कॉमिकमध्ये वांडाची जुळी मुलं म्हणजे मेफिस्टोच्या आत्म्याचे तुकडे निघतात आणि आईच्या हातून नाहीशी होतात. १९८९ ची गोष्ट आहे ही. मालिकेत तीच जुळी, तीच नावं, बिली आणि टॉमी. कॉमिकमध्ये हे रहस्य फोडणारी अगाथा ही चेटकीण, मालिकेत शेजारीण म्हणून तीच. वर दुसऱ्या भागात डॉटी नावाची गावातली एक बाई म्हणते की सैतान बारीकसारीक गोष्टींत दडलेला असतो, आणि शेजारीण हळूच पुटपुटते, तेवढ्याच ठिकाणी नाही काही. शिवाय तिचा एक कधीच न दिसणारा नवरा, राल्फ, ज्याचा उल्लेख पहिल्या भागापासून. हे सगळं लिहिणाऱ्यांनीच लिहिलंय ना? की आम्ही घरी बसून सबटायटल बदलले?

त्याहून मोठं उदाहरण पाचव्या भागाच्या शेवटचं. दाराची बेल वाजते, वांडाचा मेलेला भाऊ पिएट्रो उभा. पण नट वेगळा! इव्हान पीटर्स. हाच नट फॉक्सच्या एक्स-मेन चित्रपटांत २०१४ पासून हीच भूमिका करत होता, आणि २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्सचा तो सगळा कारभार विकत घेतला होता. म्हणजे एक्स-मेन आता या घरात येऊ शकत होते. त्या शुक्रवारी लोक अक्षरशः नाचले. आणि शेवटच्या भागात काय निघालं? तो राल्फ बोनर नावाचा गावातलाच एक उडाणटप्पू. आडनावावरून एक पोरकट अश्लील विनोद, संपला विषय. ज्यांनी दाराशी तो नट आणून उभा केला त्यांनीच तोंडाला पानं पुसली, आणि वर म्हणे प्रेक्षकांच्या अपेक्षा अवाजवी होत्या. तो नट सोडून जगातला दुसरा कुठलाही नट घेतला असता तर कुणी अपेक्षा ठेवल्या असत्या?

व्हिजन झालेल्या पॉल बेटनीने तर आणखी गंमत केली. आयुष्यभर ज्याच्यासोबत काम करायची इच्छा होती असा एक नट मालिकेत आहे, असं तो मुलाखतीत म्हणाला. लोकांनी मोठमोठ्या नावांच्या याद्या काढल्या. तो नट म्हणजे तो स्वतःच निघाला, शेवटी आलेल्या दुसऱ्या, पांढऱ्या व्हिजनच्या रूपात. हा विनोद मात्र मला मनापासून आवडला. त्याने फसवलं पण हसवून फसवलं.

आणि 'खुणा शोधणारे मूर्ख' म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मालिकेत मध्येच खोट्या जाहिराती यायच्या. स्टार्कचा टोस्टर, स्ट्रकरचं घड्याळ, हायड्राचा साबण, लागोस नावाचे पेपर टॉवेल, शेवटी नेक्सस नावाचं नैराश्यावरचं औषध. प्रत्येकीत वांडाच्या आयुष्यातली एक जखम. या जाहिराती कोण दाखवतंय, याचं उत्तर मालिकेत मिळतच नाही. नंतर मार्व्हलचे प्रमुख केव्हिन फायगी यांनी सांगितलं की मूळ योजनेत त्यांतून डॉक्टर स्ट्रेंज हा मार्व्हलचा जादूगार वांडाशी संपर्क साधायचा प्रयत्न करत होता आणि शेवटी तो येणारही होता. मग त्यांना वाटलं, एका बाईच्या गोष्टीत ऐन वेळी एक पुरुष येऊन तिला शक्ती कशी वापरायची हे शिकवतो असं दिसेल, म्हणून त्याला काढलं. कारण अगदी रास्त आहे. पण उत्तर काढून टाकलं आणि प्रश्न तसेच ठेवले. अगाथाच्या सशाचंही तेच. ससा राक्षस होतो असा एक प्रसंग अर्धाअधिक चित्रित होऊन शेवटी गाळला, हे शॅकमननेच सांगितलंय. म्हणजे लोकांना वास आला होता तो खराच होता, पानात वाढलं नाही इतकंच.

(मेफिस्टो शेवटी आला. २०२५ मध्ये, आयर्नहार्ट या मार्व्हलच्याच मालिकेच्या शेवटच्या भागात, साशा बॅरन कोहेनच्या रूपात. वरातीमागून घोडं. तोवर वऱ्हाडी जेवून घरी गेले होते.)

हे झालं वकीलपत्र. आता माझी तक्रार.

माझ्या भाच्याने ही मालिका मागच्या दिवाळीच्या सुट्टीत पाहिली, एका दमात. त्याच्यासाठी ना आठवडाभराची वाट, ना थिअऱ्या. तो इव्हान पीटर्सला ओळखतच नव्हता. राल्फ बोनरच्या विनोदाला तो चक्क हसला. शेवट झाल्यावर मी विचारलं, कसा वाटला? म्हणाला, "मस्त. पण मामा, त्या गावातल्या लोकांचं काय?"

तोच प्रश्न आहे.

शेवटच्या भागाच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे, माझ्या मते सगळ्या मालिकेतला सर्वांत भयंकर. हे सगळं गाव वांडाने दुःखाच्या भरात जादूने ताब्यात घेतलेलं आहे. अगाथा डॉटीवरची ती जादू उठवते. डॉटी, म्हणजे खरी सारा, भर चौकात वांडासमोर येते आणि विनवते की मला आठ वर्षांची मुलगी आहे, तिला तुमच्या मुलांची मैत्रीण करा, हवं तर शाळेतली दांडगट पोरगी करा, काहीही भूमिका द्या, पण तिला खोलीतून बाहेर येऊ द्या, मला तिला एकदा जवळ घेऊ द्या. विचार करा. मालिकेत मुलं जवळपास दिसत नव्हती याची आम्ही पाच-सहा आठवडे गंमत करत होतो. ती सगळी आपापल्या खोल्यांत कोंडलेली होती, कारण कथेत त्यांना काम नव्हतं. मग बाकीचे गावकरी गोळा होतात. तू आम्हाला झोपू देतेस तेव्हा आम्हाला तुझी दुःस्वप्नं पडतात. तुझं दुःख आमच्यात विषासारखं भिनतंय. सोडणार नसशील तर निदान मरू दे.

हे लिहिणाऱ्याला मी सलाम करतो. आठ आठवडे आपण ज्या हशावर हसलो तो हशा कुणाच्या जिवावर चालला होता ते एका मिनिटात दाखवलं. इथून मालिका कुठेही जाऊ शकली असती. वांडा आपली नायिका आहे, तिच्यावर आपला जीव आहे, आधीच्याच भागात सोकोव्हियातल्या घरात बॉम्बखाली सापडलेली ती पोर आपण पाहिली आहे, आणि हेसुद्धा तिनेच केलंय. दोन्ही खरं. हे पेलायला वेळ हवा, शांतता हवी, वांडा झालेल्या एलिझाबेथ ओल्सनचा चेहरा हवा. तिन्ही गोष्टी हाताशी होत्या.

पुढे काय होतं? मारामारी. वांडा आणि अगाथा आकाशात, लाल गोळे, जांभळे गोळे. खाली दोन व्हिजन एकमेकांना भिंतींवर आपटतायत. मुलं सैनिकांच्या बंदुका पळवतायत. हेवर्ड नावाचा खलनायक लहान मुलांवर गोळ्या झाडतो, कारण तो वाईट आहे हे कुणाच्या लक्षात राहिलं नसेल तर? डार्सी ही शास्त्रज्ञ, जिने मधले भाग खांद्यावर वाहिले, ती एका गाडीने टक्कर देते, एक वाक्य बोलते आणि गायब. ज्या मालिकेने आठ भाग 'आम्ही बाकीच्यांसारख्या नाही' असं दाखवलं, ती नवव्या भागात कुठल्याही मार्व्हल चित्रपटाचा शेवटचा अर्धा तास झाली.

एक अपवाद. दोन व्हिजनची मारामारी ग्रंथालयात येऊन थांबते आणि ते वाद घालू लागतात. जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलत गेल्या तर शेवटी ते तेच जहाज उरतं का? खरा व्हिजन कोण, हा प्रश्न तर्काने सुटतो. सुपरहिरो भांडण सोडून चर्चेला बसतात आणि त्यातून निकाल लागतो, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. पण मग पांढरा व्हिजन आठवणी परत मिळताच उडून जातो आणि त्या भागात पुन्हा दिसत नाही. कुठे गेला? पुढच्या मालिकेत बघा.

आणि मग ते वाक्य. वांडाने जादू सोडली, नवरा-मुलं विरून गेली. तो निरोप सुंदर आहे, मीही रडलो, त्याबद्दल वादच नाही. ती चौकातून निघते, गावकरी तिच्याकडे जळत्या नजरेने बघतायत. आणि मोनिका, तिच्या बाजूने उभी राहिलेली सरकारी अधिकारी, तिला म्हणते, तू यांच्यासाठी काय त्याग केलास हे यांना कधीच कळणार नाही.

यांच्यासाठी? त्याग? चोराने चोरलेली वस्तू परत केली तर तो त्याग? मोनिकाने हे म्हणावं याचं तर जास्त वाईट वाटलं, कारण मोनिका स्वतः गायब असताना तिची आई वारली होती, दुःख गिळून कामाला उभं राहणं म्हणजे काय हे त्या गावात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. 'तुझ्या जागी मीही आईला परत आणलं असतं' एवढं ती म्हणते ते खरं वाटतं. त्यागाचं ते वाक्य लेखकाने नायिकेला दिलेलं चारित्र्य प्रमाणपत्र आहे. वांडा उडून जाते. अटक नाही, सारासमोर एक पूर्ण वाक्य नाही.

दुःखवाल्यांशी माझं भांडण इथे आहे. आठव्या भागातलं ते दुःख आणि प्रेमावरचं प्रसिद्ध वाक्य तुम्ही स्टेटसला ठेवलंत, ठेवा, वाक्य चांगलंच आहे. पण ही मालिका दुःखाबद्दल आहे असं म्हणून साराच्या मुलीला खोलीतच ठेवू नका. दुःखाने माणूस दुसऱ्याचं काय करून ठेवतो हे मालिकेने स्वतःच दाखवलं, आणि शेवटी स्वतःच नजर वळवली. मग वर्षभराने डॉक्टर स्ट्रेंजच्या चित्रपटात तीच वांडा खुनी झाली तेव्हा लोक चिडले, की हे अचानक कसं? अचानक नाहीच. हिशेब वेस्टव्ह्यूत करायचा राहून गेला होता.

आणि सगळ्यांत कमाल अगाथाच्या शिक्षेची. वांडा तिला हरवते आणि तिचं मन पुसून तिला 'अॅग्नेस' या चौकस शेजारणीच्या भूमिकेत कायमची अडकवून ठेवते. त्याच गावात! ज्या गुन्ह्याचा पश्चात्ताप दाखवायचा, तोच गुन्हा दहा मिनिटांत पुन्हा, आणि या खेपेला तो विजय. गावकऱ्यांना विचारलंसुद्धा नाही की ही बाई तुमच्या गल्लीत ठेवू का.

२०२४ मध्ये अगाथाची वेगळी मालिका आली. कॅथरिन हान जबरदस्तच आहे, मालिकाही मला वांडाव्हिजनच्या शेवटापेक्षा बरी वाटली. तिच्यात वेस्टव्ह्यूची एक म्हातारी आहे, पहिल्या भागात व्हिजनच्या साहेबाची बायको म्हणून जेवायला आलेली ती. तिचं खरं नाव शॅरन डेव्हिस. अगाथा तिला नव्या साहसावर ओढून नेते, तिथे ती हकनाक मरते, आणि तोवर अगाथा तिला मिसेस हार्टच म्हणत राहते, वांडाने दिलेल्या नावाने. त्यावर विनोद आहेत. लोक हसलेही.